ड जीवनसत्त्वाची पातळी आणि विषाणूजन्य श्वसनविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सरळ उत्तर द्या. ड जीवनसत्त्व घेतलं तर सर्दी, फ्लू, कोविड टळतो का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. ज्यांच्या शरीरात त्याची खरोखरच मोठी कमतरता आहे त्यांनी ती भरून काढावी. हाडांसाठी तर ते हवंच, त्यातून छातीच्या आजारांत थोडी मदत झाली तर ती वरकड. मात्र पातळी मुळात बरी असलेल्या माणसाने जास्तीची गोळी घेतल्याने फुप्फुसांभोवती तटबंदी उभी राहत नाही. आणि आजार अंगावर आल्यानंतर घेतलेला भलामोठा डोस म्हणजे तहान लागल्यावर खणलेली विहीर.

पण पातळी कमी असलेले रुग्ण जास्त गंभीर होतात, असं कितीतरी अभ्यासांत दिसलंय ना?

दिसलंय, आणि त्या नोंदी खोट्या नाहीत. २०२० पासून अनेक देशांतल्या रुग्णालयांनी दाखल रुग्णांचं रक्त तपासलं. ज्यांची पातळी कमी होती ते अतिदक्षता विभागात जास्त संख्येने गेले, त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. ‘पातळी कमी होती म्हणून आजार बळावला’ हा निष्कर्ष या नोंदींतून निघत नाही. उलटंही असू शकतं आणि बरेचदा असतंच: आजार बळावला म्हणून पातळी खाली आली.

ड जीवनसत्त्व रक्तात एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरतं. शरीरात दाह सुरू झाला की हे प्रथिन कमी होतं आणि त्याबरोबर मोजलेला आकडाही घसरतो. याचा फार छान पुरावा श्वसनविकारांच्या बाहेरून आला. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या लोकांचं रक्त शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा अवघ्या काही दिवसांत पातळी चांगलीच खाली आलेली दिसली. इतक्या कमी दिवसांत कुणाचा साठा संपत नाही. शरीराला धक्का बसला होता आणि आकड्याने त्याची नोंद घेतली, एवढंच. गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णाच्या शरीरात तर दाहाचा वणवाच पेटलेला असतो.

दुसरी गोष्ट, पातळी कोणाची कमी असते ते पाहा. खूप वयस्कर माणसं, घराबाहेर न पडणारी, अंथरुणाला खिळलेली, वजन जास्त असलेली, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेली. विषाणूजन्य न्यूमोनिया ज्यांना भोवतो त्यांची यादी काढली तर ती जवळजवळ हीच निघते. आकडेशास्त्राने वय, वजन, मधुमेह यांचा प्रभाव बाजूला काढता येतो, पण पुरता नाही. माणसाचा एकूण अशक्तपणा कुठल्याच रकान्यात नीट मावत नाही.

जनुकांच्या आधारेही हा प्रश्न तपासला गेला. काही लोकांत जन्मतःच असे जनुकीय फरक असतात की त्यांची पातळी आयुष्यभर इतरांपेक्षा किंचित कमी राहते. कमी पातळीच खरी दोषी असती, तर या लोकांना कोविड जास्त व्हायला हवा होता किंवा जास्त गंभीर व्हायला हवा होता. तसं आढळलं नाही. हे जनुकीय फरक पातळी थोडीच हलवतात, त्यामुळे तीव्र कमतरतेविषयी या अभ्यासांवरून बोलता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे मी इतकं लांबवून सांगतेय त्याला कारण आहे. माझी आई तापाने आणि खोकल्याने आठवडाभर झोपून होती, तेव्हा तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर ड जीवनसत्त्वाच्या ओळीत ठळक आकडा आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण होता. बाकीच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. ‘सापडलं कारण’ असं वाटून त्याच रात्री औषधाच्या दुकानात धावले. खरं तर त्या कागदावर त्या दिवशी वाचण्यासारखी ओळ वेगळी होती, दाह दाखवणाऱ्या सीआरपीची. घरोघरी असंच होत असणार याची मला खात्री आहे, म्हणून सांगते: आजारपणात काढलेला ड जीवनसत्त्वाचा आकडा हा आजाराचा पुरावा असू शकतो, कारण असेलच असं नाही.

मग ड जीवनसत्त्वाचा प्रतिकारशक्तीशी संबंध जोडतात तो कशाच्या आधारावर?

तो आधार भक्कम आहे. त्वचेत तयार झालेलं किंवा अन्नातून आलेलं ड जीवनसत्त्व आधी यकृतात जातं आणि तिथे त्याचं साठ्याच्या रूपात रूपांतर होतं. मग मूत्रपिंडात त्याचं काम करणारं रूप बनतं, ज्याला कॅल्सिट्रिऑल म्हणतात. हे रूपांतर फक्त मूत्रपिंडातच होतं असं पूर्वी मानत. पण श्वासनलिकेचं अस्तर आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीही स्वतःपुरतं कॅल्सिट्रिऑल बनवतात असं दिसून आलं.

अशा एका पेशीत काय घडतं ते बघण्यासारखं आहे. जंतूची चाहूल लागली की पेशी आपल्या आतच साठ्याच्या रूपाचं कॅल्सिट्रिऑल करते. ते केंद्रकात जाऊन आपल्या ग्राहकाला, म्हणजे त्याला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला), बिलगतं आणि काही जनुकं चालू करतं. त्यातून कॅथेलिसिडिन हे लहानसं प्रथिन तयार होतं. ते जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतं आणि आवरण असलेल्या काही विषाणूंनाही इजा करतं. क्षयाच्या जंतूंविरुद्ध ही साखळी कशी चालते हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. दुसरीकडे हेच कॅल्सिट्रिऑल दाह वाढवणाऱ्या रसायनांना आवर घालतं. म्हणजे हल्ला करायला मदत आणि हल्ला हाताबाहेर जाऊ नये म्हणून लगाम, अशी दोन्ही कामं.

काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये हे सगळं स्पष्ट दिसतं. माणसात मात्र ही यंत्रणा चालायला साठा किती लागतो, हा खरा प्रश्न. आजवरचे प्रयोग पाहता, थोडा पुरतो असंच दिसतं. गरजेपुरता असला की त्यावर ओतलेलं जास्तीचं यंत्रणेला वेगाने पळवत नाही.

माणसांवरच्या प्रयोगांत नेमकं काय आढळलं?

इथे चित्र गेल्या पंधराएक वर्षांत बदलत आलंय, म्हणून क्रमाने सांगते.

२०१० मध्ये जपानमधल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग आला. रोज ड जीवनसत्त्वाचे १२०० युनिट (आययू, मात्रेचं मोजमाप) घेणाऱ्या मुलांपैकी १०.८ टक्क्यांना अ प्रकारचा फ्लू झाला, नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी १८.६ टक्क्यांना. मुलं होती ३३४, आणि ब प्रकारच्या फ्लूवर फायदा दिसला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मंगोलियातल्या मुलांना हिवाळ्यात रोज ३०० युनिट मिसळलेलं दूध दिलं, तर त्यांची श्वसनाची दुखणी जवळपास निम्म्यावर आली. या मुलांची सुरुवातीची पातळी रक्ताच्या दर मिलिलिटरला ७ नॅनोग्रॅमच्या आसपास होती, म्हणजे तळाला गेलेली. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे ३२२ प्रौढांना दीड वर्ष दर महिन्याला मोठा डोस दिला किंवा खोटी गोळी दिली. माणशी सर्दी-पडशाची दुखणी झाली ३.७ आणि ३.८. या लोकांची पातळी सुरुवातीलाच चांगली होती.

मंगोलिया आणि क्राइस्टचर्च हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की माझ्या मते अर्धी गोष्ट कळते.

२०१७ मध्ये लंडनमधले संशोधक एड्रियन मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी २५ प्रयोगांतल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली. श्वसनसंसर्गाची शक्यता एकूण १२ टक्क्यांनी कमी निघाली. ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेतली, त्यांच्यात ही घट ७० टक्के होती. हा अभ्यास जगभर गाजला, आणि कोविडच्या काळात ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर लोकांची जी झुंबड उडाली तिच्यामागे त्याचा मोठा हात होता.

पुढे नवे, मोठे प्रयोग जोडले गेले तसा फायदा बारीक होत गेला. २०२१ च्या एकत्रित विश्लेषणात ड जीवनसत्त्व घेणाऱ्या ६१.३ टक्के लोकांना किमान एक संसर्ग झाला, न घेणाऱ्यांत ६२.३ टक्के. शंभरात एकाचा फरक. २०२५ मध्ये ४६ प्रयोग आणि ६४ हजारांवर लोकांची माहिती एकत्र केल्यावर उरलेला फरक योगायोगापासून वेगळा काढता येईना. सुरुवातीला कमतरता असलेल्यांचा ठळक फायदाही या वेळी वेगळा उठून दिसला नाही. पण तीव्र कमतरता असलेली माणसं अशा प्रयोगांत थोडीच असतात. त्यांच्यापुरतं दार मी पूर्ण बंद करणार नाही.

कोविडसाठी वेगळे प्रयोग झाले का?

झाले, आणि चांगले झाले. ब्रिटनमध्ये ६२०० प्रौढांच्या प्रयोगात निम्म्यांना तपासणी करून, गरज असेल तर रोज ८०० किंवा ३२०० युनिट घेण्याची सोय दिली. सहा महिन्यांनी कोविडमध्ये किंवा इतर श्वसनसंसर्गांत फरक नव्हता. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःहून गोळ्या घेतल्या होत्या, ही त्या प्रयोगाची लंगडी बाजू. नॉर्वेत ३४,६०१ लोकांना काॅड माशाच्या यकृताचं तेल किंवा दुसरं साधं तेल दिलं. रोजच्या चमचाभर तेलात ४०० युनिट होते. तिथेही फरक नाही. मात्र त्यातल्या बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती. दोन्ही अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णालयात दाखल झाल्यावर एकदम मोठा डोस दिला तर?

ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा प्रयोग यासाठी वाचावा. कोविडचे २४० दाखल रुग्ण. निम्म्यांना एकाच वेळी २ लाख युनिट, निम्म्यांना खोटं औषध. रक्तातली पातळी सरासरी २१ वरून ४४ नॅनोग्रॅमवर गेली, म्हणजे औषध पोटात गेलं, पचलं, रक्तात आलं. रुग्णालयातले दिवस? दोन्ही गटांत सात. मृत्यू, अतिदक्षता, व्हेंटिलेटर यांतही ठाम फरक नाही. आकडा सुधारला आणि रुग्ण होता तिथेच राहिला. लक्षणं सुरू होऊन तोवर सरासरी दहा दिवस उलटले होते हेही ध्यानात घ्या.

अर्जेंटिनात ५ लाख युनिट देऊनही हेच निघालं. कोविडच्या आधी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात, अतिगंभीर आणि कमतरता असलेल्या हजारावर रुग्णांना ५ लाख ४० हजार युनिटचा एक डोस दिला होता. मृत्यू कमी झाले नव्हते.

स्पेनमध्ये तर चमत्कार दिसला होता म्हणतात!

कॉर्डोबातला २०२० चा अभ्यास. कॅल्सिफेडिऑल, म्हणजे यकृतात बनणारं ते साठ्याचं रूपच थेट गोळीतून दिलं. औषध मिळालेल्या ५० जणांपैकी एकच अतिदक्षता विभागात गेला, न मिळालेल्या २६ पैकी १३. आकडे पाहून कुणाच्याही मनात आशा जागी होईल, माझ्याही झाली होती. पण रुग्ण फक्त ७६ होते, कोणाला औषध मिळतंय हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, आणि औषध न मिळालेल्या गटात मुळातच उच्च रक्तदाबाचे रुग्ण जास्त होते. छोट्या अभ्यासातला एवढा प्रचंड फायदा मोठ्या अभ्यासात टिकतो का, हे पाहिल्याखेरीज त्यावर उपचार ठरवू नयेत. मोठ्या डोसच्या पुढच्या प्रयोगांत तो दिसला नाही.

रिपोर्टमध्ये कोणता आकडा बघायचा, आणि किती म्हणजे पुरेसा?

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. हे साठ्याचं रूप. कॅल्सिट्रिऑलची वेगळी तपासणी असते, पण ती मूत्रपिंडाच्या किंवा कॅल्शियमच्या खास तक्रारींसाठी. कमतरता असतानाही ती सामान्य येऊ शकते. एकक नीट पाहा. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोग्रॅमला अडीचने गुणलं की नॅनोमोल. म्हणजे ५० नॅनोमोल हे २० नॅनोग्रॅमच झाले. एकक न पाहता दोन रिपोर्टांची तुलना करून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘पुरेसं’ किती यावर तज्ज्ञांतच वाद आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळपास सगळ्यांना पुरते असं म्हटलं. १२ च्या खाली कमतरतेचा धोका. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने) ३० ची रेघ ओढली, आणि या एका रेघेमुळे जगातली कोट्यवधी निरोगी माणसं ‘अपुऱ्या’त जमा झाली. २०२४ मध्ये सोसायटीने ती रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असंही सांगितलं. प्रयोगशाळांच्या छापील रकान्यात मात्र ३० अजून ठाण मांडून बसलेलं दिसतं. तुमचा आकडा २४ आला आणि शेजारी बाण असला, तर त्या बाणाने झोप उडवून घेऊ नका. ९ आला तर डॉक्टरांना दाखवा.

रोज थोडं घ्यावं की महिन्यातून एकदम?

हाडांसाठी दोन्ही चालतं असं पूर्वी मानत. आता रोजच्या छोट्या मात्रेकडे कल आहे आणि मलाही तेच पटतं. एकदम मोठा डोस आला की शरीर तो मोडून टाकणारी यंत्रणा जोरात सुरू करतं. शिवाय मोठे डोस निरुपद्रवी नाहीत. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट किंवा खोटं औषध दिलं. पडून हाडं मोडू नयेत हा हेतू होता. झालं उलटं: औषध घेतलेल्या स्त्रिया जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. डॉक्टर तीव्र कमतरतेसाठी काही आठवडे मोठी साप्ताहिक मात्रा देतात, ती वेगळी. तिला सुरुवात आणि शेवट असतो. तो शेवट विसरू नका, एवढंच.

साधारण किती घ्यावं?

सत्तरीपर्यंत रोज ६०० युनिट, त्यापुढे ८०० ही अमेरिकेतली शिफारस. ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये. गोळ्यांत ड जीवनसत्त्वाची डी२ आणि डी३ ही दोन रूपं मिळतात, त्यांपैकी डी३ पातळी जास्त चांगली वाढवतं.

जास्त झालं तर कळतं कसं?

आतड्यांतून जास्त कॅल्शियम शोषलं जाऊन ते रक्तात साचतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, थकवा, पुढे गोंधळलेपणा. मूत्रपिंडाला इजा आणि खडे. बहुधा पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेल्यावर हे होतं. रोजच्या साध्या मात्रेने तिथवर कुणी पोचत नाही. पोचतात ते आठवड्याची मात्रा चुकून रोज घेणारे. सारकॉइडोसिस (फुप्फुसं आणि इतर अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार) असलेल्यांना, मूतखडे होणाऱ्यांना, थायाझाइड गटातलं रक्तदाबाचं औषध किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना कमी मात्रेतही त्रास होऊ शकतो. त्यांनी आधी विचारावं.

गोळीऐवजी ऊन?

त्वचेत ड जीवनसत्त्व बनतं ते २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी. हे किरण काचेतून येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, वयाबरोबर क्षमता घटते, आणि विषुववृत्तापासून दूर हिवाळ्यात हे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. श्वसनविकारांची लाटही तिथे हिवाळ्यात येते, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. पण हिवाळ्यात हवा कोरडी होते, माणसं दारं-खिडक्या लावून दाटीवाटीने बसतात, हेही त्याच वेळी घडत असतं.

दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर?

सीओपीडीत मी तपासणी करून घ्या असं म्हणेन. पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या सीओपीडी रुग्णांत ड जीवनसत्त्वाने आजार उसळण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालेलं दिसलं; त्याहून वर असलेल्यांत नाही. दम्यात २०१६ च्या कॉक्रेन (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) आढाव्याने आशा दाखवली होती, २०२३ मध्ये नवे प्रयोग धरून केलेल्या आढाव्यात ती टिकली नाही. फवारा वेळेवर घेणं दोन्हींत जास्त मोलाचं.

लस घेतली नाही, पण ड जीवनसत्त्व नियमित घेते. चालेल?

नाही. एकाची जागा दुसरं घेत नाही.

रोज १००० युनिट घेतो. ताप आला की बंद करू, की वाढवू?

काहीच करू नका, आहे तशी चालू ठेवा. उलट्या होत असतील आणि चार दिवस चुकले तरी बिघडत नाही. साठ्याचं रूप अर्ध्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. पातळी पुन्हा तपासायची असेल तर बरं वाटल्यावर काही आठवडे जाऊ द्या, आणि मात्रा बदलली असेल तर तीन महिने. तोवर लक्ष श्वासाकडे ठेवा. बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत असेल किंवा ताप उतरून पुन्हा चढला असेल, तर औषधांच्या डब्यात शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.